डबल एज ब्लेड: आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्या मेणाबद्दल

परवा बाथरूमचं कपाट आवरताना सॅम्पलरच्या (वेगवेगळ्या ब्रँडची थोडी थोडी ब्लेडं एकत्र येतात त्या) पाकिटातली उरलेली तीन ब्लेडं सापडली, सेव्हन ओ'क्लॉक सुपर प्लॅटिनम, काळ्या वेष्टनातली. हे ब्लेड मी पहिल्याच आठवड्यात बाद केलं होतं, वहीत "ओढतं, परत घेऊ नये" असं लिहून ठेवलंय. सकाळी घाई होती, दुसरं हाताशी नव्हतं म्हणून तेच लावलं आणि इतकी गुळगुळीत दाढी झाली की दोनदा गालावरून उलटा हात फिरवून खात्री केली. तेच ब्लेड, तोच रेझर, तोच चेहरा. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी ओढत होतं ते ब्लेड नव्हतंच. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहून टाकतो, कारण डबल एजने, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं सुटं ब्लेड लावायच्या रेझरने, दाढी नवीन सुरू करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की कुठलं ब्लेड घेऊ. मीही हाच विचारला होता आणि मला उत्तर मिळालं की सॅम्पलर घे, सगळी वापरून बघ. हा सल्ला नवीन माणसासाठी चुकीचा आहे असं माझं आता ठाम मत आहे.

आधी सामान सांगतो. रेझर तीन तुकड्यांचा, बंद कंगव्याचा (ब्लेडखाली दाते नाहीत, सलग पट्टी), साधारण नऊशेचा. ब्रश साडेतीनशेचा, साबण गोल डबीतला दीडशेचा. त्याआधी दहा वर्षं तीन पात्यांची कार्ट्रिज वापरली. एक कार्ट्रिज मला जवळपास एकशे चाळीसला पडायची आणि दोन आठवडे चालायची, म्हणजे महिन्याला २८० रुपये नुसत्या पात्यांवर. आता महिन्याला चार ब्लेडं लागतात, पाच रुपयांचं एक धरलं तरी वीस रुपये. हिशोब इतका सरळ आहे की रेझर, ब्रश आणि साबण साडेपाच महिन्यांत फुकट झाले असते. पण मी त्यात सातशे रुपये सॅम्पलर आणि महागड्या ब्लेडांवर घातले, त्यामुळे पैसे आत्ता कुठे, आठव्या महिन्यात फिटतायत. हे अडीच महिने मला अजून टोचतात.

सॅम्पलरचं नेमकं काय चुकतं ते सांगतो. माझ्या पाकिटात सहा प्रकार होते. पहिल्या महिन्यात मी दर दोन दिवसांनी ब्लेड बदलत होतो, त्याच महिन्यात साबण लावायला शिकत होतो, रेझरचा कोन शोधत होतो आणि मानेवरचे केस कुठल्या बाजूला जातात हे पहिल्यांदाच बघत होतो. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर चांगली दाढी कशामुळे झाली आणि वाईट कशामुळे, हे कळणार कसं? वहीत मी प्रत्येक ब्लेडला दहापैकी मार्क दिलेत आणि आज ते वाचले तर लक्षात येतं की ती ब्लेडची परीक्षा नव्हती, त्या दिवशीच्या फेसाची होती.

फेसाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे वाघोलीत बोअरचं पाणी येतं, नाहीतर टँकरचं. जड पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, त्याचा चिकट पांढरा साका होतो आणि फेस येतो तो वरवरचा, मोठ्या बुडबुड्यांचा, दोन मिनिटांत गालावर सुकणारा. सुकलेल्या फेसावर कुठलंही ब्लेड ओढणारच. मला हे तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही नाशिकला बहिणीकडे गेलो तेव्हा, तिथे तोच साबण आणि तोच ब्रश असताना दह्यासारखा दाट फेस आला. तेव्हापासून फेसासाठी फिल्टरचं वाटीभर पाणी घेतो, बाकी तोंड धुवायला बोअरचंच. या वाटीभर पाण्याने माझ्या दाढीत जेवढा फरक पडला तेवढा एकाही ब्लेडने पडला नाही. आणि दाढी आंघोळीनंतर करायची, किंवा निदान दोन-तीन मिनिटं केस कोमट पाण्याने नीट भिजवायचे, कोरडा केस फार चिवट असतो आणि भिजला की पुष्कळ मऊ पडतो.

आता मेण.

ज्यांनी ब्लेड उघडून बघितलंय त्यांना माहीत असेल, काही ब्लेडांवर मेणाचे बारीक ठिपके असतात. ब्लेड कागदात हलू नये, धार कागदाला घासू नये म्हणून ते लावतात, कारण पटण्यासारखं आहे. पण एका ब्रँडच्या (नाव घेत नाही) पाकिटात हे ठिपके इतके जाड होते की कागद सुटताना अर्धा कागद ब्लेडलाच चिकटून यायचा. ब्लेडची जाडी असते एक दशांश मिलिमीटर. त्यावर मेणाचा गोळा असेल आणि ते तुम्ही रेझरच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून बसवताय, तर ते सरळ कसं बसेल? मला त्या काळात सतत एक गाल मऊ आणि एक गाल रखरखीत मिळत होता. उजेडात रेझर धरून बघितलं तर एका बाजूने धार जास्त बाहेर, दुसऱ्या बाजूने कमी. झालं, मी सगळा दोष मेणावर टाकला. दोन महिने प्रत्येक नवीन ब्लेडचं मेण नखाने खरवडत होतो, एकदा टूथपिकने, एकदा थिनरच्या बोळ्याने. विक्रेत्याला फोटो काढून मोठी तक्रार लिहिली, त्याने "उत्पादनात दोष नाही" असं एका ओळीत कळवून विषय संपवला, पैसे परत नाहीत की बदली पाकीट नाही, त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग कळलं की मुख्य चूक वेगळीच होती. तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये ब्लेडला थोडी जागा असते. मांडणी करताना डोकं उलटं धरायचं, वरचा तुकडा खाली, त्यावर ब्लेड, त्यावर कंगव्याचा भाग, आणि मूठ फिरवताना ब्लेडची बाहेर आलेली दोन्ही टोकं (धार नाही, आखूड बाजू) बोटांनी हलकेच दाबून धरायची. ब्लेड मधोमध बसतं. मी आधी मूठ घट्ट करताना सगळं डोकंच मुठीत धरून पिळत होतो, त्यात ब्लेड सरकत होतं. हे सुधारल्यावर दोन्ही गाल सारखे झाले, मेणवाल्या ब्लेडनेसुद्धा. तरीही माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही. जाड मेणाचं ब्लेड लावायच्या आधी गरम पाण्याखाली अर्धा मिनिट धरा, मेण मऊ होऊन निघून जातं. नखाने खरवडू नका, नख धारेला लागलं तर धार गेली आणि नखही गेलं. आणि चांगली ब्लेडं बनवणाऱ्यांना इतकं मेण लागत नाही, हे मी आजही म्हणेन.

धारेबद्दल. फेदर हे जपानी ब्लेड सगळ्यात धारदार म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते खरंही आहे. मला एक ब्लेड तीस-पस्तीसच्या घरात पडलं. दुसऱ्याच आठवड्यात मी ते लावलं आणि जबड्याच्या हाडावर लांब कापलं, शर्टाची कॉलर भिजली. ब्लेडचा त्यात काही गुन्हा नाही. कार्ट्रिजचं डोकं हलतं, गालाप्रमाणे वळतं, त्यामुळे आपल्याला दाबायची सवय लागलेली असते. डबल एजमध्ये वळणारं काही नसतं, कोन तुम्ही धरायचा, साधारण तीस अंश, आणि दाबायचं अजिबात नाही, रेझरचं वजन पुरतं. ही सवय सुटायला मला सहा आठवडे लागले. तोपर्यंत अतिधारदार ब्लेड चुकीला माफी देत नाही. उलट अगदी बोथट ब्लेडही नवीन माणसाला वाईटच, कारण ते ओढलं की हात आपोआप दाबतो, आणि दाबलं की पुन्हा आग. म्हणून मधलं घ्या. आता हात बसल्यावर फेदर वापरलं तर दोन हातांतच, म्हणजे चेहऱ्यावरून दोनदाच रेझर फिरवून, दाढी होते, तिसरा लागत नाही, सुंदर ब्लेड आहे. पण सेव्हन ओ'क्लॉकच्या सहापट पैसे देण्याइतका फरक माझ्या गालाला जाणवला नाही. हिरव्या पाकिटातलं अस्ट्रा मला दोन्हींच्या मधलं वाटलं, गुळगुळीत आणि शांत, ते स्वस्तात मिळालं तर डोळे मिटून घ्या. तुर्की डर्बीबद्दल मी काही बोलत नाही कारण ते मी फक्त त्या पहिल्या बिघडलेल्या महिन्यातच वापरलं आणि ते मार्क मी रद्द केलेत.

एक ब्लेड किती दाढ्या चालतं? माझं पाच. चारला काहीच तक्रार नसते, पाचव्याला हनुवटीवर किंचित खेच येते, सहावी करायचा मोह होतो आणि ती नेहमी पस्तावा देते. मी काटकसरी माणूस आहे, सात-सात करून बघितल्या, पण एक रुपया वाचवून दोन दिवस मान चरचरत ठेवण्यात हिशोब बसत नाही. केस पोलादापेक्षा जवळपास पन्नासपट मऊ, तरी ब्लेड बोथट का होतं याचा २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की धार नुसती झिजत नाही, केस वाकून विशिष्ट कोनातून धारेवर आला की तिच्या बारीक कपच्या उडतात. वाचल्यावर मला केस भिजवण्याचं महत्त्व आणखी पटलं.

आमचे आजोबा काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ब्लेड दोन बोटांनी दाबून गोल गोल घासायचे आणि एका ब्लेडवर महिना काढायचे. मी ते करून बघितलं आणि नका करू असं सांगेन. त्यांची जुनी ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची असायची, गंजायची, त्यांना घासण्यात अर्थ होता. स्टेनलेसची ब्लेडं साठच्या दशकात आली आणि आजच्या ब्लेडच्या धारेवर प्लॅटिनम, क्रोमियम, वर टेफ्लॉनसारखा थर असतो. तो घासला की जी मऊ सरक आहे तीच जाते. टॉवेलने धार पुसणंही याच कारणासाठी बंद करा, पाण्याखाली धरून झटकलं की पुरे.

आजोबांची दुसरी गोष्ट मात्र शंभर टक्के घ्या, तुरटी. सलूनमध्ये फिरवतात तोच खडा, दहा-वीस रुपयांत वर्ष निघतं. दाढी झाल्यावर ओल्या गालावर फिरवायची आणि जिथे झोंबेल तिथे तुम्ही जास्त खरवडलंय. मला माझी मान अशीच सापडली. डाव्या बाजूला माझे केस खालून वर जातात, मी तिथे "सुलटा" समजून रोज उलटा हात मारत होतो. दोन दिवसांचे खुंट असताना बोट फिरवून बघा, ज्या बाजूला खरखर लागते ती उलटी. पहिला हात सुलटा, दुसरा आडवा, आणि उलटा हात पहिले दोन महिने मारूच नका.

तर नवीन माणसाला माझं सांगणं एवढंच आहे, एका मध्यम ब्लेडचं पाच किंवा दहाचं पाकीट घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं तेच घ्या, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघू नका. दीड-दोन महिने जातील. दुसऱ्या ब्लेडला मत द्यायचा अधिकार त्यानंतरचा. माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात सुरू केलं, त्याला मी सॅम्पलर घेऊ दिला नाही, रागावला होता. पण काल त्याचा फोन आला की मामा आता कापत नाही.

एक राहिलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या महिन्यात मी वापरलेलं ब्लेड त्याच्याच कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकलं. आमच्याकडे कचरा घ्यायला ताई येतात, त्या हाताने वर्गवारी करतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोट दाखवलं, चिंधी बांधलेली होती, रागावल्यासुद्धा नाहीत, फक्त म्हणाल्या, "दादा, पातं वेगळं द्या हो." मी त्यांना डॉक्टरकडे नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण ते बोट माझ्यासमोरून हलत नाही. त्याच संध्याकाळी कॉफीचा पत्र्याचा डबा घेतला, झाकण एम-सीलने कायमचं बंद केलं आणि वर ब्लेड जाईल एवढीच फट पाडली. काही ब्लेडांच्या प्लॅस्टिकच्या डबीला मागे वापरलेली ब्लेडं टाकायची फट असते, ती असेल तर आणखी सोपं. डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "ब्लेड" लिहिलंय. आत्तापर्यंत चाळीसेक ब्लेडं गेली असतील, हलवला तर अजून निम्मासुद्धा भरलेला वाटत नाही. भरला की तसाच बंद ताईंच्या हातात देणार आहे, सांगून.