आठ महिने १९८१ च्या नियमांवर

गेले आठ महिने आमचा गट दर दुसऱ्या शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत खेळायचा खेळ खेळतोय, पण १९८१ च्या नियमांनी. टॉम मोल्डव्हे यांचं बेसिक आणि कुक-मार्श यांचं एक्स्पर्ट, ही दोन्ही नियमपुस्तकं ६४ पानी. त्याआधी आम्ही कित्येक वर्षं पाचवी आवृत्ती खेळलो. मी डंजन मास्टर, म्हणजे जग आणि राक्षस चालवणारा; खेळणारे पाच.

पहिल्या दिवशी कॅरेक्टर, म्हणजे आपापलं पात्र, बनवायला अर्धा तासही लागला नाही. ताकद, बुद्धी अशा प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि आकडे येतील त्याच क्रमानं लिहायचे. त्याच रात्री दोघांची कॅरेक्टर मेली. मॅजिक-यूझरला, म्हणजे जादूगाराला, एकच स्पेल (मंत्र), आणि हिट पॉइंटसाठी, म्हणजे जीव किती ते ठरवायला, चार बाजूंचा फासा. त्यावर पडले दोन. शून्यावर आलात की संपलं. खेळणाऱ्यांचे चेहरे पाहून मला वाटलं, हा प्रयोग इथेच थांबणार.

थांबला नाही, तो सोन्यामुळे. या नियमांत भुयारातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण, मिळतो. ऑर्क नावाचा राक्षस मारला तर दहा. फायटरला, म्हणजे लढवय्याला, दुसरी लेव्हल गाठायला २,००० लागतात. हे गणित अंगवळणी पडायला तीन शनिवार गेले, पण मग सगळ्यांचं खेळणंच बदललं. एकदा ऑर्कांचा पहारा समोर आला. ते कसे वागतील हे ठरवायला मी दोन फासे टाकले, नऊ आले. म्हणजे हल्ला नाही, बोलणी ऐकून घेतील. गटातल्या एल्फ जमातीच्या पात्राला ऑर्कांची भाषा येते हे कुणाला तरी आठवलं. अर्धा तास घासाघीस चालली, गॉब्लिन या दुसऱ्या राक्षसी जमातीशी असलेलं त्यांचं वैर बाहेर आलं, मागच्या वाटेचा पत्ता मिळाला. गट ७०० नाणी घेऊन परतला आणि कुणी तलवार उपसली नव्हती. डंजन मास्टर म्हणून इतका आनंद मला क्वचितच मिळालाय.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे वेळेचा हिशोब. एक टर्न दहा मिनिटांचा, मशाल सहा टर्न जळते, दर दोन टर्नांनी भटक्या राक्षसासाठी फासा. मला हे कारकुनी काम वाटायचं. पण शेवटची मशाल पेटवून परत फिरायचं की अजून एक दार उघडायचं, यावर आमच्या टेबलावर खरीखुरी भांडणं झालीत.

खटकलेलंही सांगतो. पहिल्या लेव्हलच्या थीफला, म्हणजे चोराच्या पात्राला, सापळा सापडण्याची शक्यता दहा टक्के. हे मला अजिबात पटत नाही. आता कुणी काठीनं फरशी चाचपतो असं नीट सांगितलं, तर मी फासा मागतच नाही. आणि विष! पाच महिने जपलेला हाफलिंग (बुटक्या जमातीचं पात्र) कोळ्याच्या एका चाव्यानं गेला. वाचायला फाशावर आठ किंवा वर हवे होते, पाच आले. नियम मी तसाच ठेवलाय, पण कोळी दिसण्याआधी जाळी दाखवायला हवी होती, ही चूक माझी.

पुस्तकांची मांडणी टेबलावर शोधाशोध करायला लावते, म्हणून खेळताना आम्ही गॅव्हिन नॉर्मन यांचं २०१९ चं ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स उघडतो. नियम तेच, आणि आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, चढता (जास्त तितका चांगला) ठेवायची सोयही आहे.

एक जण मधेच सोडून गेला. त्याला लेव्हलागणिक नव्या क्षमता निवडत कॅरेक्टर घडवायला आवडतं, आणि इथे फायटरला निवडण्यासारखं जवळपास काही नसतं. ज्याला त्यातच गोडी आहे त्यानं पाचवीच खेळावी. मी त्याला थांबवलं नाही. उरलेल्या चौघांपैकी कुणीही परत जायला तयार नाही.