शपथ मेल्यावर सुटते का? 'प्लेयर्स हँडबुक' (2014)

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं हे 320 पानी, जाड पुठ्ठ्याचं नियमपुस्तक. मरण पात्राला शपथेतून सोडवतं का, एवढ्याच प्रश्नावर पारखलं तर अर्धे गुण.

जादूने लादलेल्या बंधनाबद्दल नियम आहेत, पण विखुरलेले. 'गेअस' हा आज्ञा पाळायला भाग पाडणारा, पाचव्या पातळीचा मंत्र. मुदत 30 दिवस. आज्ञेविरुद्ध वागलं की पाच दहापैलू फाशांची मानसिक इजा, दिवसातून एकदाच. सातव्या-आठव्या पातळीचा स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी क्षमता) वापरला तर मुदत 1 वर्ष. खरी मेख 'रेझ डेड' या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्रात आहे. 500 सोनमोहरांचा हिरा, मरून जास्तीत जास्त 10 दिवस. विष उतरतं, पण शाप किंवा तत्सम जादू आधी काढली नसेल तर पात्र उठताच ती पुन्हा अंगावर येते. घाईत हिरा खर्च होतो आणि शाप तसाच राहतो. म्हणून आधी 'रिमूव्ह कर्स', हा शाप उतरवणारा मंत्र. तो वस्तूवरही चालतो, म्हणजे प्रेतावर अडचण नाही. 'गेअस'ही त्याने सुटतो.

पॅलाडिनने, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याने, पात्राच्या तिसऱ्या पातळीला घेतलेल्या शपथेचं काय? मोडल्यास काय, यावर एक चौकट आहे. मेल्यावर काय, यावर चकार शब्द नाही. निर्णय डीएमचा (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा). फोंड्या-म्हापशाच्या टेबलावर नवसाचा हिशेब लावावा: फेडायचा राहिला तर तो पुढच्या पिढीवर येतो. वारस पात्र आयतं मिळतं.