पार, ओसरी की दप्तर?

दिवाळीपासून तीन जणांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. आपल्या तालुक्यावर पाच-सहा मिनिटांच्या फिल्म करायच्या आहेत, बाहेरून फिरायला येणाऱ्यांनी बघाव्यात अशा. कॅमेरा आहे, गाडी आहे, चार दिवसांची सुटी आहे. गोष्टी गोळा करायला सुरुवात कुठून करू? धुळ्याला जाऊन दप्तरातले जुने कागद चाळू, की गावात जाऊन जुन्या माणसांना बोलतं करू? आणि गावात गेलोच, तर पारावर बसू की कुणाच्या घरी?

या तिन्ही वाटांनी मी गेलो आहे आणि प्रत्येक वाटेवर एकदा तरी आपटलो आहे.

आधी पार. साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या एका गावात फडाच्या शेतीवर फिल्म करायची होती. ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी: नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि कोणत्या फडात काय घ्यायचं त्याची पाळी दरसाल फिरते. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर नजर ठेवायला हवालदार. ही माणसं गावाने नेमलेली, सरकारने नव्हे.

पारावर आठ-दहा जण जमले. अर्ध्या तासात मला एवढी माहिती मिळाली की वही पुरेना. एकाने ऊस म्हटला की दुसरा म्हणे, नाही, त्या साली त्या फडात गहू होता. चुकीची दुरुस्ती तिथल्या तिथे आणि फुकट होते, ही पाराची मोठी सोय. पण घरी येऊन ऐकतो तर एकही वाक्य पुरं नाही. ‘तसं नही भो, तू तवय लहान व्हता’ हेच चार वेळा, आणि मागे एसटीचा हॉर्न. मध्येच गावातले एक वजनदार जिभाऊ येऊन बसले आणि बाकीचे गप्प झाले. पुढची वीस मिनिटं मी त्यांच्या आजोबांचा इतिहास रेकॉर्ड केला.

शिवाय पारावर कोण नव्हतं, ते माझ्या रात्री उशिरा लक्षात आलं. एकही बाई नव्हती, आणि भिल्ल वस्तीतलंही कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच गावात एका आजींच्या ओसरीवर बसलो. त्यांचे मालक पाटकरी होते. त्या शेंगा फोडत होत्या आणि पहिला पाऊण तास माझीच चौकशी चालली होती: गाव कोणतं, कुळी कोणती, सुरतला कोण कोण असतं. (सुरतला कुणी नाही असं खानदेशी घर मला अजून भेटायचं आहे.) मग शेंगा फोडता फोडता त्या रात्रीच्या पाळीवर आल्या. मालक पाटावर, या बांधावर भाकरी घेऊन बसलेल्या, अंधारात एवढा एक कंदील. ‘कंदील हालना का समजे, पानी उनं.’

फिल्म तिथून सुरू झाली. पाराच्या दीड तासातून मी चाळीस सेकंद वापरले आणि आजींचं ते एक वाक्य जसंच्या तसं ठेवलं.

ओसरीला साल विचारू नये. तिथे काळ मोजायचा तो ‘बहात्तरना दुष्काळ’च्या आधी की नंतर असा. बंधारा कुणी बांधला विचारलं, तर आजी म्हणाल्या, राक्षसांनी, एका रात्रीत, आणि कोंबडं आरवलं म्हणून शेवटचा दगड राहिला. दंतकथा म्हणून सांगा, लोक आवडीने बघतात. इतिहास म्हणून सांगितलीत तर मात्र फसाल.

मी फसलो तो पारोळ्याला. तिथे किल्ल्याजवळ एकाने छातीठोकपणे सांगितलं की झाशीच्या राणीचं बालपण याच बुरुजांत गेलं. आवाज दमदार, मागे मावळतं ऊन. मी ते फिल्ममध्ये घातलं. राणीचा जन्म काशीचा, बालपण बिठूरचं. पारोळ्याशी नातं आहे ते नेवाळकर घराण्याचं, म्हणजे तिच्या सासरचं. ही गोष्टही कमी देखणी नव्हती, पण मी एक दिवस वाचवायला गेलो आणि नंतर फिल्म उतरवून पुन्हा कापावी लागली.

तो एक दिवस दप्तराचा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले, त्यांच्यामागे हे उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. खानदेशचं इंग्रजी गॅझेटिअर 1880 चं. जायच्या आधी विषय ठरवा, पत्र द्या, चित्रीकरणाची परवानगी वेगळी मागा. ‘खानदेशावर काय आहे ते दाखवा’ असं म्हणत गेलात तर दिवस धुळीत जाईल.

काही विषय मात्र दप्तराशिवाय होतच नाहीत. पाटणादेवीचंच घ्या. चाळीसगावजवळ तिथे एक शिलालेख आहे. त्यात गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला मठ आणि त्याला मिळालेलं दान असं सगळं आहे. काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. लेखाचा एक भाग चक्क मराठीत आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकेल, त्यावरचा राजाचा अमुक कर आता मठाला. गणिताची शाळा बाजाराच्या करावर चालायची! असली गोष्ट कुठल्याच पारावर मिळणार नाही. फैजपूरचंही तसंच. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, 1936 सालचं. ते डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता कुठून आणणार? तिथे जुने फोटो आणि छापील अहवालच बोलतील.

पण दप्तराला एक खोट आहे आणि सातपुड्याकडे गेलात की ती टोचते. गॅझेटिअर लिहिणारे साहेब होते. त्यांच्या लेखी भिल्ल म्हणजे आधी लुटारू, मग आऊटराम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला पलटणीत घेऊन ‘सुधारलेले’. खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण करणारा माणूस. 1857 ला उठला, 1858 मध्ये इंग्रजांशी अंबापाणीची लढाई झाली. कागदात तो बंडखोर, डोंगरात तो नाईक. फक्त कागदावरून केलेली फिल्म इंग्रज साहेबाचीच होते, नुसतं निवेदन मराठीत. अशा विषयाला वस्तीवर जाऊन बसायला दोन दिवस जास्त धरा, आणि सोबत तिथली भाषा बोलणारं माणूस घ्या.

भाषेवरून आठवलं. अहिराणी तशीच ठेवावी की वर प्रमाण मराठीचं निवेदन चढवावं? मी आधी निवेदन चढवायचो, पुण्या-मुंबईच्या लोकांना कळावं म्हणून. आता खाली मराठी पाटी देतो. आजींच्या ‘पानी उनं’वर कुणा निवेदकाचं ‘पाणी आले’ ऐकून बघा, म्हणजे का ते कळेल.

जत्रा आणि सण हा चौथा मार्ग लोक सुचवतात: सारंगखेड्याचा घोडेबाजार, श्रावणात कानबाई या खानदेशी देवीचे रोट, सातपुड्यातल्या काठी गावची होळी. दृश्यं भरपूर मिळतात, गोष्ट मिळत नाही. बोलायला कुणाला सवड नसते. कानबाईला सुरतेकडची मंडळी गावी येतात तेव्हा ओळखी करून ठेवाव्यात, कॅमेरा नंतर.

तर चार दिवस असतील तर माझी वाटणी अशी. पहिला दिवस पार, पण कॅमेरा गाडीतच. फक्त वही, आणि ‘याबद्दल अजून कोणाला विचारू?’ एवढा एकच प्रश्न. दुसरा आणि तिसरा ओसरीचा, दिवसाला एकच घर. चौथा दप्तराचा, हाती लागलेलं ताडायला. विषय पाटणादेवी किंवा फैजपूरसारखा असेल तर क्रम उलटा, आधी दप्तर. आणि सवड दोनच दिवसांची असेल तर पार सोडा. ज्यांना विचारायचं ते ऐंशीच्या पुढे आहेत. कागद पुढच्या वर्षीही कपाटात असतील.

ओसरीवर जाताना कॉलरचा माईक न्या आणि पंखा बंद करायला सांगायला लाजू नका. बोलून झाल्यावर रेकॉर्डिंग तिथेच त्यांना ऐकवा, आणि नाव-चेहरा दाखवायचा का ते तेव्हा विचारा, आधी नको. आमच्या आजींनी स्वतःचा आवाज ऐकला, हसल्या आणि म्हणाल्या, चेहरा दाखव, पण शेंगा फोडतानाचा नको, चांगलं लुगडं नेसून येते. त्या आत गेल्या. तोवर उजेड गेला होता, म्हणून चेहऱ्यासाठी पाचवा दिवस काढावा लागला.