सिलिकॉन इम्प्लांट, नऊ महिन्यांनंतर: सांधे दुखू लागले तर आधी काय तपासायचं

स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर स्नायूखाली बसवलेलं, गुळगुळीत पृष्ठभागाचं सिलिकॉन इम्प्लांट. वापर नऊ महिन्यांचा, त्यात सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा.

आकार चांगला, ब्लाउज नीट बसतो. खटकतं ते भाकरी थापताना. छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांट वर आणि काखेकडे सरकतं, पदराआडूनही कळतं. हा बिघाड नाही, स्नायूखालचं इम्प्लांट असंच हलतं. पण हात सैल सोडल्यावरही स्तन कडक, ओढल्यासारखा किंवा दुखरा राहिला, तर इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं कवच आवळतंय असं समजून सर्जनला दाखवा.

आता सांधेदुखी. इस्रायलमध्ये २०१८ साली २४,६५१ इम्प्लांटधारक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) आणि संधिवाताचे आजार त्यांच्यात इम्प्लांट नसलेल्या स्त्रियांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळले. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०२१ पासून इम्प्लांटवर ठळक इशारा सक्तीचा केला, त्यात थकवा आणि सांधेदुखीचाही उल्लेख आहे. त्यामुळे "मनाचे खेळ आहेत" म्हणून कुणी वाटेला लावलं तर ते ऐकून घेऊ नका.

तरी पहिला संशय इम्प्लांटवर नको. कर्करोगासाठी लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल चालू असेल तर सकाळी बोटं आखडणं, दोन्ही मनगटं दुखणं या गोळीनेच होतं, बहुधा पहिल्या काही महिन्यांत. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टर ती बदलून किंवा थोडे दिवस थांबवून पाहतात. दुसरा संशयित चिकुनगुन्या. ताप उतरून महिने लोटले तरी घोटे आणि बोटं सुजतात, म्हणून गल्लीत साथ येऊन गेली का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

रक्ततपासणी: ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (संधिवात), एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, ड जीवनसत्त्व. एएनए पॉझिटिव्ह आला की घरात रडारड होते. पण १:४० पातळीला (रक्तद्रव चाळीसपट पातळ करून) तो धडधाकट माणसांतही साधारण तिघांत एकाला येतो. पातळी किती ते वाचा, नुसता 'पॉझिटिव्ह' शब्द नको.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं? मे महिन्यात रात्रभर कूलरचा झोत तोंडावर घेतला तर कुणालाही वाटेल. झोत वळवून आठ-दहा दिवस पाहा. फरक नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून शर्मर चाचणी करून घ्या: पापणीत कागदी पट्टी, पाच मिनिटं, ओल ५ मिलिमीटर किंवा कमी आली तर डोळे खरोखर कोरडे. सोबत तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, तर ते ऑटोइम्यून आजाराचं लक्षण असू शकतं, संधिवाततज्ज्ञ गाठाच.

हे सगळं निस्तरून त्रास उरला, तर इम्प्लांट काढण्याचा विचार रास्त आहे. काढल्यावर बऱ्याच जणींना बरं वाटतं, सगळ्यांना नाही. "कवच अख्खंच काढा" असा हट्ट मात्र धरू नका. स्नायूखाली ते बरगड्यांना चिकटलेलं असतं, खरवडताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते.

इम्प्लांट कार्डावरचा लॉट क्रमांक, प्रकार आणि आकारमान यांचा फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा. कार्ड मिळालं नसेल तर रुग्णालयातून डिस्चार्जच्या कागदांसोबत मागून घ्या.