म्हातारपणीच्या दवाखान्याचे पैसे: पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना की बँकेतल्या छोट्या ठेवी?

मेडिक्लेम आहे असं मी धरून चालतो. सत्तरी ओलांडल्यावर आयुष्मान कार्डावर ५ लाखांचं संरक्षणही मिळतं. पण हे दोन्ही मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर कामाला येतात. महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, कवळी, कानाचं मशीन, घरी ठेवलेली बाई हे खिशातूनच जातं. त्यासाठी बाजूला काढलेला पैसा कुठे ठेवावा, एवढंच सांगतो. मी दोन्हीकडे ठेवून पाहिला आहे.

व्याजात पोस्ट पुढे, त्यात वादच नाही. माझं खातं ८.२ टक्क्यांचं, १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात. आम्हा दोघांची बीपी-शुगरची औषधं आणि रक्ततपासण्या त्यात भागतात. बहुतेक बँका ज्येष्ठांना थोडं जास्त देतात, तरी मागेच राहतात. खर्च असा ठरलेलाच असता, तर मी बँकेकडे वळलोही नसतो.

पण दोन वर्षांपूर्वी, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या) आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी सौ. न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन विम्यात झालं. घरी आल्यावर मात्र वॉकर, कमोडची खुर्ची, फिजिओथेरपी, दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन बायका. बचत खातं पंधरवड्यात रिकामं झालं. एक लाख काढावेत म्हणून पोस्टात गेलो, तर काउंटरवर कळलं की यातून थोडे पैसे काढताच येत नाहीत. हवे असतील तर अख्खं खातं बंद करायचं. खात्याला दीड वर्ष झालं होतं, म्हणजे मुद्दलातून दीड टक्का, सरळ १५,००० रुपये कापून जाणार. दोन वर्षं झाली असती तरी एक टक्का गेलाच असता. एका लाखासाठी दहा लाख मोडायचे!

खातं मोडलं नाही. धाकट्या भावाला फोन लावला. त्याने एका शब्दाने काही विचारलं नाही, पण स्वतःचे पैसे असताना उसने मागणं मला फार जड गेलं. ते अजून मनातून गेलेलं नाही.

त्यानंतर हातात आलेला पैसा बँकेत ५०-५० हजारांच्या मुदत ठेवींत टाकत गेलो. पुढे तिच्या मोतीबिंदूच्या वेळी विम्यापेक्षा महागाची लेन्स घेतली, तेव्हा दवाखान्यातच बसून मोबाईलवर एक ठेव मोडली. बँकेने त्या एकाच ठेवीचं व्याज थोडं कमी केलं. बाकीच्या तशाच राहिल्या.

बँकेच्या बाजूला दोन गोष्टी जपाव्या लागतात. एका बँकेत सगळं मिळून, व्याजासकट, ५ लाखांपर्यंतच ठेवींचा विमा असतो (बँक बुडाली तर तेवढ्याचंच संरक्षण), म्हणून मी दोन बँकांत ठेवतो. गल्लीतली पतसंस्था जास्त व्याज देईल, पण तिथे हे ठेव विम्याचं संरक्षण नसतं; औषधाचा पैसा तिथे नको. दुसरं, ठेव दोघांच्या नावे करताना दोघांपैकी कोणालाही मुदतीआधी मोडता येईल, अशी संमती तेव्हाच लिहून द्या. नाहीतर अंथरुणावर पडलेल्या माणसाची सही मागतात.

पेन्शन नसलेल्यांनी पोस्ट अगदी सोडावं असं मी म्हणणार नाही. तिमाहीच्या व्याजाचा आधार मोठा असतो. माझ्या पोस्टातल्या खात्याची पाच वर्षांची मुदत पुरी झाली की निम्मी रक्कम मात्र मी छोट्या ठेवींत हलवणार आहे.