बाटलीचा ग्लास घेताना आधी काठावर बोट फिरवा

नाशिककडच्या एका सामाजिक उपक्रमाने डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून टाकाऊ बाटल्यांच्या तीन वस्तू विक्रीला आणल्या आहेत: पाणी प्यायचे ग्लास, छताला टांगायचा दिवा आणि भट्टीत चपटी केलेली थाळी. ग्लास बिनधास्त घ्या, थाळी पारखून घ्या, दिवा सध्या राहू द्या.

कच्चा माल नेमका निवडलाय. बिअरची बाटली भंगारवाला अख्खी उचलतो, ती धुऊन पुन्हा भरली जाते; तिचे ग्लास करण्यात कचरा कमी होत नाही, उलट एक चालती बाटली बाद होते. वाइनच्या 750 मिलीच्या बाटलीला असा परतीचा रस्ता सहसा नसतो, आणि नाशिकला त्यांचा तोटा नाही.

ग्लासात विद्यार्थ्यांची खरी कमाई दिसते ती कापण्याच्या साच्यात. बाटली आडवी ठेवायला लाकडी खाच, बुडाला पक्का अडसर आणि जागेवर घट्ट बसवलेलं चाकाचं कटर. बाटली एकदाच, एकाच दाबाने पूर्ण फिरवायची, म्हणजे काचेवर बारीक चर पडतो. त्याच चरावरून दुसऱ्यांदा कटर गेलं की तडा भरकटतो आणि कटरची धारही जाते. अडसर जरा हलला तर चराची दोन टोकं जुळत नाहीत, काठाला पायरी पडते आणि ती घासता घासता ग्लासाची उंची जाते. मग चरावर उकळत्या पाण्याची बारीक धार, लगेच गार पाणी. दोन-तीन फेऱ्यांत बाटली सुटते. वाइनच्या बाटलीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे नीट चर पाडूनही काही बाटल्या वाकड्या फुटणारच.

काठ 80 किंवा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करून 220, 400, 600 असं चढत जायचं, सगळं पाण्याखाली. कोरडं घासलं तर काचेची पूड नाकात जाते. घाई होते ती आतल्या कडेला. वरून चकचकीत दिसणारा काठ आतून करवतीसारखा असू शकतो. विकत घेताना ओलं बोट आतून फिरवा आणि काठ उजेडाकडे धरून पाहा. नखात अडकेल एवढा टवका दिसला तर बदलून मागा, कारण पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. या संचातले काठ चांगले आहेत, कडाही आतबाहेर घासून बोथट केलेल्या आहेत.

थाळीसाठी लेबल काढलेली अख्खी बाटली भट्टीत साधारण 780 अंश सेल्सिअसला मऊ करून बसवतात. त्या तापमानाला जास्त वेळ राहिली तर काचेवर दुधाळ साय येते. काही थाळ्यांच्या मानेपाशी ती आहे. तो दोष दिसण्यापुरता. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही: उतरताना 540-550 अंशांपाशी थांबवून पुढे सावकाश थंड केली नाही, तर आत ताण अडकतो आणि थाळी महिन्याभराने कपाटात आपोआप तडकू शकते. घरी तपासता येतं. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल समोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये थाळी धरा. थाळी काळीच राहिली तर उत्तम. उजळ पट्टे उमटले तर परत करा. एकाच थाळीत दोन रंगांच्या बाटल्या वितळवून जोडल्या असतील तर गॉगलचीही गरज नाही, घेऊच नका. दोन काचा गार होताना सारख्या आकसतीलच असं नाही, आणि आकसण्यात फरक पडला की सांध्यावर तडा ठरलेला.

दिव्याचा बूड कापलाय, वायर मानेतून खाली आणली आहे आणि बाटली थेट होल्डरवर टेकवली आहे. म्हणजे बाटलीचा सगळा भार होल्डरमधल्या दोन स्क्रूंवर. वायरला ताण घेणारी पकड किंवा वेगळी साखळी हवीच होती. मानेच्या तोंडाशी वायर घासते, तिथे रबरी वायसरही नाही. घेतलाच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून या दोन गोष्टी करून घ्या आणि चार-पाच वॉटचा एलईडीच लावा; पिवळा जुना बल्ब आत कोंडून काच तापवतो. गर्द हिरव्या काचेतून वाचण्याइतका उजेड येत नाही, हेही धरून चाला.

ग्लास आणि थाळी दोन्हींत उकळता चहा-आमटी ओतू नका. धुताना तारेची घासणी नको, काथ्याचीही नको, स्पंज पुरे.