पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळा कूलर : अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या पिकअप ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ऑइल थंड करणारा वेगळा कूलर बसवून घेतला. आता त्याला अकरा महिने झाले. या काळात ट्रक सुमारे 22,500 किलोमीटर चालला आणि त्यातले अंदाजे 6,400 किलोमीटर मागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे ओढून न्यायचे फिरते घर, जोडलेला होता. सामान आणि पाणी भरल्यावर हा ट्रेलर 2,450 किलोपर्यंत जातो. आम्ही कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे सुट्टीला कुठेही निघालो तरी आय-70 महामार्गाचा चढ आणि समुद्रसपाटीपासून 11,000 फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा बहुतेक वेळा वाटेत येतोच.

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून रेडिएटरवर पाणी ओतणारे ट्रकवाले पाहत मोठे झालेल्या माझ्यासारख्या माणसाला इंजिन तापणे ठाऊक असते, गिअरबॉक्स तापणे ठाऊक नसते. तिकडच्या मॅन्युअल गाड्यांत घाटात जो वास येतो तो क्लच प्लेटचा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि तो ऑइलच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोहोचवतो. त्याच्या आतला लॉक-अप क्लच जोडलेला असेपर्यंत घसरण जवळपास नसते. चढावर गाडी वारंवार गिअर बदलू लागली किंवा वेग फार कमी झाला, की तो क्लच सुटतो, ऑइल घुसळले जाते आणि इंजिनाच्या शक्तीचा बराचसा भाग उष्णता होऊन त्या ऑइलमध्येच जिरतो. माझ्या ट्रकला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र, नाही, त्यामुळे बोगद्याच्या उंचीवर विरळ हवेमुळे इंजिनाची जवळपास तिसरा हिस्सा ताकद कमी होते आणि ही घुसळण आणखी वाढते.

कंपनीकडून आलेल्या रचनेत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतल्या एका लहान नळकांड्यातून फिरून परत येत होते. ती रचना वाईट नव्हे, कारण थंडीत रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ऑइलला लवकर गरमही करते. पण चढावर कूलंट स्वतःच 100 अंश सेल्सियसच्या आसपास असेल, तर ते ऑइलला त्याखाली नेऊ शकत नाही. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचे तापमान दिसत नसल्याने मी ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या जोडणीत, ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवर आकडे पाहू लागलो. जून 2023 मधल्या एका दुपारी, बाहेर 30 अंश असताना, बोगद्याच्या पश्चिमेकडे सिल्व्हरथॉर्नहून वर येताना ऑइल 118 अंशांवर पोहोचले. 80 ते 95 अंश ही नेहमीची पातळी. 115 अंशांच्या पुढे ऑइल झपाट्याने खराब होऊ लागते आणि आतली रबरी सीले कडक होत जातात. 118 हा आकडा पाहिल्यावर त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे मान्य करतो.

कूलर निवडताना पट्ट्या एकावर एक रचलेला प्रकार घेतला. एकच नळी नागमोडी वळवलेला स्वस्त प्रकारही मिळतो, पण तेवढ्याच जागेत पट्ट्यांचा कूलर अधिक उष्णता सोडतो आणि थंड, घट्ट ऑइललाही त्यातून वाट मिळते. ऑइल आधी रेडिएटरमधल्या नळकांड्यातून, मग नव्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सकडे, असा क्रम ठेवला.

बसवण्याच्या कामाबद्दल मात्र तक्रार आहे. एका स्थानिक गॅरेजने कूलर थेट रेडिएटरपुढच्या एसी कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाच्या) जाळीतून प्लास्टिकच्या दांड्या आरपार घालून अडकवला. किटमध्ये त्या दांड्या येतात, म्हणून बहुतेक जण तसेच करतात. पण गाडीच्या कंपनामुळे कूलर जाळीवर घासत राहतो आणि कालांतराने कंडेन्सरला भोक पडू शकते. शिवाय धातूच्या नळीचे टोक सरळ कापून त्यावर रबरी होज चढवला होता आणि क्लॅम्प इतका आवळला होता, की पट्टी रबरात रुतली होती. दहाव्या दिवशी घरासमोर गळलेल्या गिअरबॉक्स ऑइलचे लाल थेंब दिसले. मग मी दुसऱ्याकडून नळीच्या टोकाला फुगवटा काढून घेतला, खास गिअरबॉक्स ऑइलसाठी बनवलेला होज घातला आणि कूलर रेडिएटरच्या चौकटीला लोखंडी पट्ट्यांवर बसवला. कूलरला 110 डॉलर पडले होते. या दुरुस्तीत त्याहून जास्त गेले. माझ्या ट्रकच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. पातळी पाहायची तर गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर बाजूचा बोल्ट उघडावा लागतो. कूलर आणि होजमध्ये जादा ऑइल मावते, त्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही.

पहिले दोन आठवडे मी निराश होतो. ट्रेलरशिवाय सपाट रस्त्यावर ऑइल आधी 92 अंशांवर असायचे आणि आताही तिथेच होते. कारण नंतर कळले. माझ्या ट्रकच्या ऑइलच्या वाटेवर एक थर्मोस्टॅट आहे आणि सुमारे 90 अंशांपर्यंत तो ऑइल कूलरकडे जाऊच देत नाही. ऑइल गरम आणि पातळ राहिले की घर्षण कमी होऊन इंधन वाचते, म्हणून कंपन्या तापमान मुद्दाम एवढे ठेवतात. हा थर्मोस्टॅट काढून सतत 70 अंशांवर गाडी चालवणारे बरेच जण आहेत. मी ते केले नाही आणि जानेवारीत उणे 20 अंशांच्या सकाळी त्याचे समाधान वाटले, कारण नवा कूलर असूनही ऑइल गरम व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागला.

खरा फरक चढावर दिसला. तोच सिल्व्हरथॉर्नचा चढ, तोच ट्रेलर आणि जवळपास तेच हवामान असताना ऑगस्टमध्ये सर्वोच्च आकडा 104 अंश होता. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे बोगदा ओलांडून उतार लागल्यावर पूर्वी ऑइल 95 अंशांखाली यायला वीस-पंचवीस मिनिटे लागायची, तिथे आता सात-आठ मिनिटे पुरतात. लागोपाठ चढ असलेल्या रस्त्यावर एका चढाची उष्णता पुढच्या चढावर साचत नाही, हा मला मिळालेला सर्वांत मोठा फायदा.

तरीही या 14 अंशांचे सगळे श्रेय कूलरचे नाही. मधल्या काळात मी टो-हॉल मोड, म्हणजे ओझे ओढताना वापरायची गिअरबॉक्सची खास सेटिंग, नेहमी चालू ठेवू लागलो आणि चढाच्या पायथ्यालाच हाताने चौथा गिअर लावून ताशी 70 किलोमीटरवर समाधान मानायला शिकलो. इंजिन ओरडते, मागच्या सीटवरून आक्षेप येतात, पण कन्व्हर्टर लॉक राहतो. एकदा मुद्दाम गाडीला तिच्या मर्जीने गिअर बदलू दिले, तेव्हा कूलर असूनही आकडा 110 वर गेला. माझ्या अंदाजाने फरकातला निम्मा वाटा गिअरचा आहे, आणि त्याला एक डॉलरही लागत नाही.

जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी, डोंगरातून डेन्व्हरकडे परतणाऱ्या नेहमीच्या गर्दीत, त्याच चढावर आम्ही पाऊण तास ताशी दहा-पंधरा किलोमीटरने सरकत होतो. एवढ्या कमी वेगात कन्व्हर्टर लॉक होत नाही, समोरून वाराही येत नाही आणि कूलरला फक्त इंजिनाच्या पंख्याचा आधार उरतो. त्या दिवशी 113 अंश पाहिले. कूलर लावल्यानंतरचा सर्वांत मोठा आकडा तोच. शेवटी रुंद कडेला थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन जरा वेगाने चालू ठेवले, तेव्हा पाच मिनिटांत तापमान उतरले. तापलेले इंजिन लगेच बंद केले तर ऑइलचे फिरणेच थांबते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कूलरच्या डब्यावर हजारो पौंड वजनाचे आकडे छापलेले असतात. ते वाचून कुणी ट्रकच्या मर्यादेबाहेरचा ट्रेलर जोडू नये. ब्रेक, चाके आणि हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) यांना कूलरचा काहीही उपयोग नाही.

एसी उभ्या गाडीत किंचित कमी थंड वाटतो, चालत्या गाडीत फरक जाणवत नाही. देखभाल म्हणाल तर एकच. इथे जूनमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडतो आणि तो कूलर व कंडेन्सर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत जाऊन बसतो. मी तो पहिल्यांदा उच्च दाबाच्या पाण्याने काढायला गेलो आणि कोपऱ्यातली जाळी वाकवून बसलो. आता साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारतो आणि वाकलेली जाळी जुन्या कंगव्याने सरळ करतो.